भुंकणाऱ्याला बिस्किट

मास्तरांकडे कुत्रं घेऊन येणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट मिळायची: बोलणी. कुत्र्याला नाही हं, माणसाला. कुत्र्याला खाऊ मिळायचा.

‘‘कुत्रं शहाणंच असतं,’’ मास्तर गरजत. ‘‘बिघडलेले तुम्ही आहात! ते भुंकलं की तुम्ही धावता. त्यानं चप्पल पळवली की तुम्ही त्याच्यामागे घरभर पळता. त्याला वाटतं, वा, काय मजेचा खेळ आहे! आणि ते गप्प बसतं तेव्हा तुम्ही कुठे असता? पेपरात डोकं खुपसून! मग ते गप्प कशाला बसेल?’’

दातांच्या डॉक्टरीणबाई, ज्यांच्यासमोर अख्खं गाव आ वासून निमूट बसायचं, त्या मास्तरांसमोर मान खाली घालून उभ्या राहत. निवृत्त कर्नलसाहेबांचीही तीच गत. आयुष्यभर दुसऱ्यांना सावधान-विश्राम करायला लावलेला माणूस, पण मास्तर ओरडले की आपल्या लठ्ठ कुत्र्याच्या मागे लपायचा. फी भरून शिव्या खायची माणसांना हौस असते, त्याला काय करणार?

मास्तरांचा पोशाख ठरलेला. गुडघ्यापर्यंतची खाकी चड्डी, गळ्यात पितळी शिट्टी, कमरेला खाऊची पिशवी. पिशवीत सुकवलेल्या कलेजीचे तुकडे. त्या वासामुळे मास्तर बँकेत गेले तरी रस्त्यावरची दोन-चार कुत्री त्यांच्यामागून रांगेत उभी राहत, आणि मास्तर त्यांना रांग मोडू देत नसत.

पण मास्तर काही जन्मतः मास्तर नव्हते. आधी ते घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचत. ही नोकरी ज्यानं केली आहे त्यालाच ठाऊक की मीटर नेहमी घराच्या मागे असतो आणि कुत्रं नेहमी पुढे. मास्तरांच्या दोन्ही पोटऱ्या चावून झाल्यावर त्यांनी डोकं लढवलं आणि खिशात बिस्किटं ठेवायला सुरुवात केली. फाटकातून कुत्रं भुंकलं की बिस्किट टाकायचं. कुत्रं गप्प, मीटर वाचून पसार. मास्तर स्वतःवर जाम खूश झाले.

आणि थोड्याच दिवसांत काय व्हावं? मास्तर गल्लीच्या तोंडाशी आले रे आले की सगळी गल्ली एका सुरात भुंकायला लागायची. रागानं नाही, शेपट्या हलवत! जी कुत्री जन्मात कधी भुंकली नव्हती तीही शिकली. एका म्हातारीचं बहिरं कुत्रं शेजारच्या कुत्र्याचं तोंड बघून भुंकायला लागलं. लोकांनी कचेरीत तक्रार केली की हा माणूस आमची कुत्री बिघडवतो. साहेबानं मास्तरांना उभं-आडवं झापलं.

तेव्हा मास्तरांच्या हाती रद्दीच्या दुकानातलं एक जाड पुस्तक आलं. प्राणी कसे शिकतात यावर होतं. निम्मी पानं उंदरांनी खाल्ली होती, उरलेली मास्तरांनी खाल्ली. त्यातली गोष्ट तशी सोपी होती. जे केल्यावर काहीतरी गोड हाती लागतं ते जीव पुन्हा करतो. जे केल्यावर काहीच हाती लागत नाही ते हळूहळू सोडून देतो. मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे आपण गल्लीभरच्या कुत्र्यांना भुंकायचा पगार देत होतो!

दुसऱ्या दिवसापासून ते फाटकाशी उभे राहून वाट बघू लागले. भुंकणं चालू आहे तोवर खिशातला हात खिशात. कुत्रं दम खायला थांबलं की लगेच बिस्किट. गल्ली अशी शांत झाली की लोकांना वाटलं कुत्री मेली. मास्तरांचं नाव झालं, मीटर सुटले, आणि गावाबाहेरच्या बंद पडलेल्या विटांच्या कारखान्यामागच्या मैदानात कुत्र्यांची शाळा उभी राहिली. मैदानाला लागूनच घर बांधलं. भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं: भुंकणाऱ्याला बिस्किट देऊ नये.

ती पाटी मैदानाकडे तोंड करून होती. घरातून वाचता येत नव्हती.

घरात मास्तरीणबाई होत्या. कुत्र्यांसाठी लागणारी बिस्किटं त्या स्वतः भट्टीत भाजत. शेजारणी चिडवत, ‘‘अगं, नवऱ्याला कधी इतक्या मायेनं काही केलं नाहीस!’’ त्या म्हणत, ‘‘कुत्री खाऊन शेपूट तरी हलवतात.’’

थोरला राजा. हे काही त्याचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव त्याला स्वतःलाही फॉर्म भरतानाच आठवायचं. राजा लहानपणी दुकानात फरशीवर लोळायचा. त्याला सायकल मिळाली. नापास झाला, मास्तर संध्याकाळभर त्याच्याजवळ बसून त्याची समजूत काढत राहिले. दुसऱ्यांदा नापास झाला. समुद्रावर फिरायला नेलं, पोराचं मन रमावं म्हणून. पुढे मोटारसायकल, मग ती ठोकली म्हणून दुसरी मोटारसायकल. राजा आता चांगला घोडा झाला होता, पण अजूनही मनासारखं झालं नाही की दार आपटायचा. त्या घरातली सगळी दारं बिजागऱ्यांतून सैल झाली होती.

धाकटी माऊ. कुत्र्यांच्या घरात पोरीला मांजराचं लाडनाव, पण तिला शोभायचं. पायाचा आवाज नाही, तोंडाचा तर त्याहून नाही. प्रगतिपुस्तक दाखवायला आणायची. मास्तर म्हणत, ‘‘बरं, ठेव तिथे.’’ बिचारी ठेवायची. पास होणाऱ्या मुलीची समजूत काय काढायची?

शाळा सुटल्यावर ती मैदानात. पुढे कॉलेज सुटल्यावरही मैदानात, आणि मग दिवसभरच मैदानात. पिल्लांना हगण्यामुतण्याचं वळण लावायचं, नखं कापायची, घाबरून खाटेखाली दडलेलं कुत्रं बाहेर काढायचं. तिची रीत म्हणजे काय, तर त्या कुत्र्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचं आणि बसून राहायचं. न्यायाधीशांच्या घरचं एक काळं धूड होतं, दिसेल त्याला फाडायचं. माऊ रोज त्याच्याकडे पाठ करून भाजी निवडत बसली. एक दिवस ते धूड आपल्या पायांनी आलं आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलं. मास्तरांनी ते पाहिलं. जवळ आले, तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, ‘‘शाबास गं, माऊ!’’

त्या दिवशी माऊ स्वयंपाकघरात गाणं म्हणत होती. मास्तरीणबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. पोरीला गाता येतं हे त्यांनाही तेव्हाच कळलं.

तशी शाबासकी मग उंबराच्या फुलासारखी. दिसली तर दिसली. माऊ मात्र रोज तेवढ्याच उत्साहानं मैदानात. ‘आज असेल, आज नसेल तर उद्या असेल’ हे तिनं तोंडानं कधी म्हटलं नाही, पण आईच्या नजरेला ते कळत होतं.

माऊला एकच गोष्ट हवी होती. रविवारचा मोठा वर्ग. मालक मंडळी खुर्च्यांवर बसलेली, कुत्री रांगेत, आणि गळ्यात ती पितळी शिट्टी.

‘‘बाबा, रविवारचा वर्ग मी घेऊ का?’’

‘‘बघू.’’

वर्षानुवर्षं ‘बघू’. या बघूत नकार नव्हता, होकारही नव्हता, आणि तीच त्यातली मेख होती. सरळ नाही म्हटलं असतं तर पोरगी एक दिवस रडली असती आणि दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेनं गेली असती.

आणि हे मास्तरांना कळू नये? अहो, हेच तर ते मालकांना ओरडून सांगत! ‘‘जेवताना ताटातलं कुत्र्याला द्यायचं तर रोज द्या, नाहीतर कधीच देऊ नका. रोज देणाऱ्यानं बंद केलं की कुत्रं चार दिवसांत नाद सोडतं. पण कधीतरी एखादा तुकडा टाकणारा माणूस! त्याच्या ताटाशेजारी कुत्रं जन्मभर बसतं. आज नाही तर उद्या, उद्या नाही तर परवा!’’ असं बोलून मास्तर जेवायला घरात येत, माऊ वाढायची, आणि ते मान वर न करता जेवून उठत.

मग मास्तरांचे गुडघे गेले. उभं राहवेना. डॉक्टर म्हणाले, मैदान विसरा. मास्तरांनी जाहीर केलं की यंदाच्या वार्षिक कार्यक्रमात शिट्टी पुढच्या माणसाच्या गळ्यात घालणार, मग शाळा त्याची. सगळं गाव समजून चुकलं की शिट्टी माऊची. माऊही समजली. पहाटेपासून मैदानात कुत्र्यांची तयारी करून घ्यायला लागली. मास्तरीणबाईंनी तिच्यासाठी नवी कंबरपिशवीसुद्धा शिवली.

हे राजाच्या कानावर गेलं. राजाला कुत्र्यांचा वास सहन होत नसे, पण दुसऱ्याला मिळणारी वस्तू सोडणं त्याहून सहन होत नसे. त्यानं दार आपटलं. ‘‘मी या घरात कुणीच नाही का? जातो मी निघून!’’ निघून कुठेच गेला नाही, खोलीत जाऊन पांघरूण घेऊन पडला. दुपारी जेवला नाही. संध्याकाळी मास्तर लंगडत लंगडत ताट घेऊन त्याच्या दाराशी.

‘‘अहो,’’ मास्तरीणबाई मागून म्हणाल्या, ‘‘भुंकणाऱ्याला बिस्किट देऊ नये ना?’’

‘‘तो काय कुत्रा आहे? मुलगा आहे माझा!’’

‘‘आणि माऊ?’’

‘‘माऊचं काय, ती समजूतदार आहे.’’

समजूतदार! घरातल्या समजूतदार माणसाला नेहमी करपलेलंच वाढलं जातं, कारण ते कुरकुरत नाही. मास्तर आत गेले, बाहेर आले, आणि पिल्लाची नखं कापत बसलेल्या माऊला म्हणाले, ‘‘यंदा शिट्टी राजाला देऊ. जरा लागेल मार्गी. तुझं पुढे बघू.’’

माऊ ‘‘बरं’’ म्हणाली. पिल्लाचा पंजा तिनं सोडला नाही, पण कात्री बाजूला ठेवली. अशा वेळी नखं कापू नयेत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मैदानात मांडव, खुर्च्या, माईक. पाहुणे नटूनथटून आलेले, कुत्री त्यांच्याहून नटलेली. राजा नवे बूट आणि काळा चष्मा घालून मधोमध. गळ्यात शिट्टी. कमरेला माऊसाठी शिवलेली पिशवी, कलेजीनं गच्च भरलेली. माऊ मैदानाच्या कडेला, पिल्लांच्या कुंपणापाशी.

राजानं शिट्टी फुंकली. कुत्र्यांनी मान वळवून माऊकडे पाहिलं. माऊ हलली नाही. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचं कुत्रं, एक पांढरं केसाळ बोचकं, भुंकलं. आता काय करावं? राजानं तेच केलं जे त्यानं आयुष्यभर स्वतःच्या बाबतीत पाहिलं होतं. गप्प बसावं म्हणून झटकन त्याच्या तोंडात कलेजीचा तुकडा कोंबला.

शेजारच्यानं ते पाहिलं. तो भुंकला. त्यालाही तुकडा! मग काय, तिसरा, चौथा, आणि बघता बघता अख्खी रांग. राजा दोन्ही हातांनी वाटतोय आणि कुत्री गळा काढून मागतायत. कर्नलसाहेबांचं लठ्ठ कुत्रं खुर्चीच्या पायाला बांधलं होतं. ते खुर्चीसकट निघालं आणि खुर्चीत कर्नलसाहेब होते. कुणीतरी मांडवाचा खांब धरला, तर मांडवच खाली आला. राजानं पिशवी भिरकावली आणि बक्षिसांच्या टेबलावर चढून ‘‘बाबा! बाबा!’’ म्हणून ओरडायला लागला. तोही भुंकतच होता म्हणायचं.

मास्तर काठी टेकत उठले. कडेला उभ्या माऊकडे पाहून त्यांनी नेहमीसारखी चुटकी वाजवली.

‘‘माऊ, ये!’’

मास्तरांची ‘ये’ म्हणजे शाळेचा मुकुटमणी. तीन कुत्री कलेजी सोडून धावत आली आणि त्यांच्यासमोर बसली. माऊ आली नाही.

मास्तरांना वाटलं, गोंगाटात ऐकू गेलं नसेल. त्यांनी माईक ओढला. ‘‘माऊ, ये इकडे!’’

सगळ्या मैदानात आवाज घुमला. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. माऊ हात बांधून उभी होती. रागावलेली नव्हती, रडतही नव्हती. ज्या हाकेत आपल्यासाठी काही नसतं ती हाक ऐकावी तशी ऐकत होती.

आणि तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाई पुढे सरसावल्या. केस विसकटलेले, एक चप्पल कुत्र्यानं नेलेली, पण चेहऱ्यावर जे समाधान होतं ना, काय सांगावं! इतक्या दिवसांच्या बोलण्यांचा वचपा होता तो.

‘‘मास्तर, एक विचारू? हाकेला येत नाही, म्हणजे चूक कुणाची हो?’’

मास्तरांच्या तोंडून उत्तर येण्याआधी धुळीत बसलेल्या कर्नलसाहेबांनी पाठ केलेला धडा म्हणून दाखवला. ‘‘मालकाची! आलेल्याला रिकाम्या हातानं परत पाठवलं की एक दिवस ते येणं सोडतं. तुम्हीच शिकवलंत, मास्तर.’’

मास्तर लालबुंद झाले. आणि मग त्यांनी काय करावं? टेबलावरून राजाला उतरवून घेतलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याला सरबत द्यायला घरात घेऊन गेले. जित्याची खोड, दुसरं काय!

माऊनं एकटीनं कुत्री गोळा केली, ज्याची त्याच्या हाती दिली, फुटलेल्या खुर्च्या एका बाजूला लावल्या. मग घरात आली. मास्तर, मास्तरीणबाई आणि सरबत पिणारा राजा, सगळे तिथेच होते.

‘‘बाबा, आंधळ्या माणसांना वाट दाखवणारी कुत्री तयार करतात, तिथे मला नोकरी लागलीय. केव्हाच लागलीय. कार्यक्रम होईपर्यंत थांबते म्हणून मीच सांगितलं होतं त्यांना.’’

‘‘कुठे?’’

‘‘लांब आहे. गाडीनं एक दिवस लागतो.’’

‘‘आणि इथलं कोण बघणार?’’ मास्तर म्हणाले.

माऊ दारात थांबली. आई बघत होती, पोरगी अजून थांबली आहे. एवढं सगळं होऊनही थांबली आहे! या क्षणी एक शब्द, नुसता पाठीवर एक हात, आणि ती जायचं रद्द करील. मास्तरीणबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की दगडाला पाझर फुटावा.

‘‘आज नको तो विषय,’’ मास्तर म्हणाले. ‘‘माझं डोकं दुखतंय. उद्या बघू.’’

माऊ हसली. सकाळच्या गाडीनं गेली.

राजानं शाळा महिनाभरही चालवली नाही. न्यायाधीशांचं काळं धूड त्याच्याकडे बघून नुसतं जांभई द्यायचं, त्याचाच त्याला अपमान वाटला. मोटारसायकलीवर बसून तो मित्राकडे राहायला गेला आणि दार आपटायला वरचेवर घरी येऊ लागला. मालक मंडळी पांगली. मैदानात गवत वाढलं. भिंतीवरची पाटी तेवढी ठळक होती, आता मास्तरांना ती रोज दिसायची, कारण ते खुर्ची घेऊन मैदानातच बसत. मांडीवर फोन घेऊन.

माऊला फोन लावायचा हा त्यांचा उद्योग झाला. ती दिवसभर कुत्र्यांबरोबर रस्त्यावर असायची, फोन कपाटात. घंटी वाजून वाजून थांबायची. मास्तर पुन्हा लावत. बरेच दिवस काही नाही. आणि मग एखाद्या दिवशी, ध्यानीमनी नसताना, ‘‘हं, बाबा, बोला!’’

काय तो आवाज! मोकळा, खळखळता. एका आंधळ्या शिक्षकाला तिच्या कुत्रीनं पहिल्यांदा रस्ता ओलांडून दिला तेव्हा तो रस्त्यातच कसा रडला, ते सांगायची. तिथे सगळे तिला बाई म्हणतात, ते सांगायची. मास्तर फोन कानाला घट्ट दाबून ऐकत. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवत आणि आपणहून मास्तरीणबाईंना म्हणत, ‘‘आमटी छान झालीय.’’ मास्तरीणबाईंना वाटायचं, डब्यात उरलेल्या बिस्किटांतलं एखादं यांनाही द्यावं.

एकदा अशीच ती सापडली तेव्हा मास्तरांनी सगळा धीर एकवटला.

‘‘माऊ, परत ये गं. शाळा तुझी. शिट्टी तुझी. पाटीवर तुझं नाव लिहितो. तुझ्यासारखं कुणालाच जमत नाही, पोरी. शाबास आहे तुझी. हे मी आधीच म्हणायला हवं होतं. रोज म्हणायला हवं होतं.’’

 पलीकडे कुठेतरी एक कुत्रं भुंकलं, थांबलं, आणि माऊ फोन बाजूला धरून त्याला हळूच ‘‘शाबास’’ म्हणाली. मग फोनवर आली.

‘‘बघू, बाबा,’’ ती म्हणाली. अगदी मायेनं म्हणाली.

मास्तर शिकलेला माणूस. निम्मं का होईना, पुस्तक वाचलेला. त्या शब्दाचा अर्थ त्यांना जितका कळला तितका गावात कुणालाच कळला नसता. नाही म्हणाली असती तर बरं होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी सकाळीच फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मास्तरीणबाई बिस्किटांचा शेवटचा डबा रस्त्यावरच्या कुत्र्यांना घालायला बाहेर आल्या होत्या. मास्तरांची ती पुढे झुकलेली मान, फोनवर खिळलेली नजर त्यांनी पाहिली आणि त्या थांबल्या.

‘‘काय गं,’’ मास्तर हळू आवाजात म्हणाले, ‘‘ती मुद्दाम करते का? कधी उचलायचा, कधी नाही, असं?’’

‘‘छे हो,’’ मास्तरीणबाई म्हणाल्या. ‘‘तुम्ही तरी कुठे मुद्दाम करत होतात?’’

त्या कुत्र्यांकडे गेल्या. मास्तरांनी फोन पुन्हा कानाला लावला.